बोटभर मागे सरकलेली घोडी

तर काल कुठवर आलो होतो आपण? हां, टेम्पो गढीच्या फाट्यावर उभा, आणि शहादेव गिटार मांडीवर आडवी घेऊन लिंबाखाली बसलेला. तेवढ्यात तुमचा चहा आला आणि गोष्ट तिथंच राहिली. अर्धी गोष्ट पोटात राहिली की मला जेवण जात नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आज आधी तीच घेतो.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागून. आमची चकलांब्याची गायन पार्टी. एप्रिलात जयंतीचे कार्यक्रम लागले की आम्हाला दाढी करायला फुरसत नसायची. मी ढोलकीवर, अंगद पेटीवर आणि गायला, आणि गिटारीवर शहादेव. आमच्या भागात तेव्हा गिटार म्हणजे नवलच. लोक गाणं ऐकायला यायचे आणि शहादेवची बोटं बघत बसायचे. आम्हाला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. तळहात सुजेपर्यंत ढोलकी मी बडवायची, आणि बाया विचारणार, "तो गिटारवाला कुणाचा हो?"

त्या दिवशी माजलगावला कार्यक्रम होता. ऊन असं की टेम्पोच्या पत्र्याला हात लावला तर कातडं निघावं. गिटार टपावर बांधलेली. ती तापली, आतला सरस पातळ झाला आणि घोडी उखडली. घोडी म्हणजे गिटारीच्या पोटावर चिकटवलेली लाकडाची आडवी पट्टी. सगळ्या तारा तिथून निघून मानेवरून वर खुंट्यांपर्यंत जातात. ताणलेल्या तारा तिला रात्रंदिवस पुढं ओढत असतात. सरस जरा ढिला पडायचा अवकाश, घोडी निघालीच.

आमच्याबरोबर सटवा सुतार होता. त्याला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण टेम्पोत जागा दिसली की तो चढायचा. अवजाराची पिशवी मात्र कायम खांद्याला.

"सटवा, बसंल का रं परत?" शहादेवनं विचारलं.

"बसंल न्हाई तर काय पळंल? आण हिकडं."

सटवानं गिटार उलटीपालटी करून बघितली. घोडी निघताना खालच्या लाकडाचं साल घेऊन निघाली होती. तिथं खडबडीत खड्डा पडलेला. सटवा दारं-खिडक्या करणारा माणूस. दाराचा कब्जा, म्हणजे बिजागरी, उपटला तर सुतार जुन्या भोकात परत खिळा मारत नाही. तिथलं लाकूड मेलेलं असतं. तो कब्जा बोटभर सरकवून ताज्या लाकडावर ठोकतो आणि दार वर्षानुवर्षं चालतं. सटवानं तेच केलं. घोडी बोटभर मागं घेतली, कोऱ्या लाकडावर सरस लावून बसवली, खालून दोन बोल्ट आवळले, वर रस्त्यावरचा धोंडा ठेवला आणि बिडी पेटवली.

"आता हिला बैल बांधा," तो म्हणाला. "गिटार तुटंल, घोडी निघायची न्हाई."

आणि खरंच, ती आपणहून कधीच निघाली नाही. सगळं पुढचं त्यातूनच निघालं.

सांजेला माजलगावात शहादेव तारा जुळवायला बसला. तार आता बोटभर लांब झाली होती. लांब तार खालच्या आवाजात बोलते. तिला वरच्या सुरात आणायचं तर खुंटी जास्त पिळावी लागते. त्यानं पिळली. तारा कुंपणाच्या काटेरी तारेसारख्या कडक झाल्या, बोट ठेवलं तर बोटातच रुतायच्या. मोकळ्या तारा पेटीशी बरोबर जुळल्या. मग त्यानं पहिला सूर दाबला आणि अंगदनं पेटीवरून मान वर केली. सूर खाली पडला होता. दुसरा दाबला, तोही खाली. मानेवर वर वर जावं तसा सूर जास्तच खाली. कारण मानेवरचे पितळी पडदे जुन्या घोडीच्या हिशोबानं ठोकलेले, आणि घोडी गेली होती मागं. मोकळी तार खरी, बोट ठेवलं की खोटी.

पुढं हजारभर माणूस बसलेलं. शहादेवनं आमच्याकडं बघितलं, डोळे मिटले, आणि जो सूर खाली पडायचा त्याची तार बोटानं बाजूला ओढून वर आणायला लागला. तार ओढली की ताण वाढतो, ताण वाढला की सूर चढतो. एकेक सूर त्यानं बोटानं उचलून जागेवर ठेवला, कार्यक्रम संपेपर्यंत. खाली उतरला तेव्हा चारही बोटांतून रक्त निघत होतं आणि माणूस हसत होता. कारण त्या ओढण्यानं आवाजात एक काहीतरी आलं होतं. सूर सरळ लागायचा नाही, खालून वर यायचा, लांबून कुणीतरी हाक मारावी तसा. त्या हाकेला माणसं रडली होती.

"घोडी परत म्होरं घेऊ," मी दुसऱ्या दिवशी म्हणालो.

"हात लावू नगा आप्पा," शहादेव म्हणाला. "आता तिला माझ्याबिगर कुनी वाजवू शकत न्हाई."

ते खरं होतं. आधी जो तो गिटार मागायला यायचा. एकदा गेवराईच्या एका पाहुण्यानं लग्नात वाजवायला नेली आणि अर्ध्या वरातीतून परत आणून दिली. म्हणाला, "हिच्यात काहीतरी शिरलंय." आम्ही आठवडाभर हसलो. शहादेवची बोटं पुढं अशी झाली की तव्यावरची भाकरी उलटायला छबुबाई त्यालाच बोलवायची. छबुबाई म्हणजे त्याची बायको. त्यांना एकच लेक, प्रियदर्शनी. ती अजून धड चालतही नव्हती तेव्हा एका भादव्यात शहादेवला कावीळ झाली आणि आठवड्यात माणूस गेला.

आता आमच्या पार्टीची एक रीत सांगतो. वादक गेला की त्याची जागा भरत नाहीत. सतरंजीवर ढोलकीच्या डाव्या हाताला शहादेव बसायचा. तिथं त्यानंतर कुणी बसलं नाही. मंडपवाल्याला अंगद आधीच सांगायचा, एका माणसाची जागा जास्त धर. कितीतरी वर्षं मी त्या मोकळ्या जागेशेजारी बसून वाजवलं. कधी कधी त्या बाजूचा माझा दंड गार पडायचा. वारा लागत असेल.

गिटार छबुबाईच्या घरात भिंतीला खिळ्यावर टांगलेली. तारा तशाच ताणलेल्या, गंजलेल्या. शेजारी पिठाची गिरणी होती. गिरणीची मोटर फिरायला लागली की एक तार आपोआप गुणगुणायची. यात काही जादू नाही, मी स्वतः बघितलं, आवाजाला आवाज मिळाला की तार थरथरते. छबुबाईला तेही मी समजावलं. ती मान हलवून म्हणाली, "व्हय आप्पा, गिरणीनंच." पुढं ती गिरणी बंद पडली, मोटर काढून नेली. मी एकदा सहज विचारलं, "आता तार गप असंल?" छबुबाई भाजी निवडत होती. तिनं वर बघितलं नाही. म्हणाली, "गिरणी बंद झाली, ते मला तुमी सांगितलं तवा कळलं."

मी चहा न पिताच उठलो.

तर ही पोर तेरा-चौदा वर्षांची असतानाची गोष्ट. उन्हाळ्याची दुपार. आमच्या गल्लीत त्या वेळी कोंबडीसुद्धा पाय उचलत नाही. छबुबाई रानात गेलेली. मी समोरच्या ओसरीवर आडवा पडलो होतो, आणि शहादेव वाजवायला लागला.

तुम्ही हसाल. आम्ही भूतखेत मानणारी माणसं नाही. विहारात दर पौर्णिमेला पोरासोरांना मीच सांगतो, मेलेला माणूस परत येत नाही. पण तो सूर मी ओळखतो. खालून वर येणारा, हाक मारणारा. तसा जगात एकच माणूस वाजवत होता आणि त्याला खांदा मी दिला होता. मी उठून बसलो. चप्पल पायापाशीच होती, पण मला ती सापडेना. तसाच तापलेल्या मातीतून पलीकडं गेलो.

दारातून बघितलं तर प्रियदर्शनी. शाळेचा निळा पंजाबी ड्रेस, मांडीवर गिटार, आणि डाव्या हाताची बोटं तार ओढतायत. मला बघून तिनं मान हलवली, बोटं काही थांबली नाहीत.

"कुनी शिकवलं गं तुला?"

"कुनी न्हाई. शाळेतल्या पेटीसारख्या तारा लावल्या. निस्तं बोट ठेवलं की वंगाळ वाजतंय. वढलं की बरं वाजतं."

माझा जीव भांड्यात पडला. अगदी सरळ गोष्ट होती. गिटारीनं बापाला जे शिकवलं तेच लेकीला शिकवलं. तीच लांबी, तोच ताण, मग ओढही तीच. मी मोठ्यानं हसलो आणि तिच्या पाठीवर थाप मारणार, इतक्यात मागं सावली पडली. छबुबाई रानातून आली होती. डोक्यावर गवताचा भारा, हातात खुरपं. उन्हातून आलेलं माणूस, तिला घरातलं काही दिसत नव्हतं. ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली,

"आलात का? पानी ठिवू का अंगुळीला?"

कार्यक्रमाहून आलं की शहादेव आधी अंघोळ करायचा. छबुबाईच्या डोळ्याला अंधार सरावला, तिला लेक दिसली, मी दिसलो. ती भारा टाकून उंबऱ्यावरच बसली. पोरीला रागावली नाही. एवढंच म्हणाली, "वाजीव."

आणि दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी रानातून लवकर यायला लागली. यायची, चुलीवर पातेलं ठेवायची आणि भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायची. पाणी तापायचं. पोरगी वाजवायची. पाणी निवायचं. अंघोळ कुणीच करायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी परत पातेलं चुलीवर. असं किती वर्षं चाललं विचारू नका. पोरगी बारावी झाली, रक्त तपासायचं शिक्षण घेऊन गेवराईच्या लॅबमध्ये लागली, रोज काळीपिवळीनं वाळूच्या ट्रकांमागून धूळ खात जाते-येते. मग वाजवायला एक रविवार राहिला. तर पातेलं दर रविवारी.

गेवराईत माझं रक्त एकदा तिनंच काढलं. शीर शोधायला उजव्या हाताची बोटं लावली. मी म्हणालो, "डावा हात चांगला बळकट हाय की तुझा." ती हसली. डाव्या हाताची बोटं पुढं करून म्हणाली, "ह्यांना काही लागतच न्हाई आप्पा. ही बोटं माझी हायत असं वाटतच न्हाई." तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं.

यंदा माघात अंगद तिच्याकडं गेला. पेटी सोडून आता तो पार्टी चालवतो. म्हणाला, "शहादेवची जागा किती दिवस मोकळी ठिवायची? जयंतीला गेवराईत मोठा कार्यक्रम हाय. तू बस." पोरीचं तोंड असं उजळलं की काय सांगू. लहानपणापासून ती सतरंजीवरची मोकळी जागा बघत आली होती. छबुबाई मात्र म्हणाली, "जा. पण गिटार भिंतीवरून हलणार न्हाई." मग अंगदनं पार्टीची नवी गिटार दिली. मऊ तारा, लोण्यात बोट घालावं तशी.

रविवारी दुपारी विहारात तालीम. मी आता वाजवत नाही, पण ऐकायला कुणी अडवत नाही. पोरीनं पहिली ओळ वाजवली आणि कीबोर्डवरचा जीवन थांबला. प्रत्येक सूर वर चढलेला. बरोबर बसवलेल्या गिटारीवर ती ओढत होती. आणि नव्या तारांना ताण कमी, त्यामुळं तेवढ्याच जोरात तार पार लांब जायची.

"कावून वढतीस गं?" अंगद म्हणाला. "पतंग उडवाय लागलीस का?"

"आमच्या कीबोर्डाला वढता येत न्हाई ताई," जीवन म्हणाला, "न्हाईतर त्यालाबी वढला आसता संगं."

सगळे हसले, तीही हसली. परत वाजवलं, परत तेच. तिनं बोटांकडं बघत अगदी सावकाश एक सूर दाबला. मी जवळ होतो, मी बघितलं. बोट टेकलं, सूर खरा लागला, क्षणभर थांबला. आणि मग बोट सरकलं. तिचा चेहरा म्हणत होता सरकू नको, आणि बोट सरकलं. पिशवीत लॅबची चिकटपट्टी होती. तिनं दोन बोटं एकत्र बांधली. पट्टी फाटली.

"मी वढत न्हाई काका," ती अंगदला म्हणाली. "वढलं जातंय."

आता कुणी हसलं नाही. सतरंजीवर शहादेवच्या जागेवर बसली होती ती. ढोलकीवाला पोरगा नकळत थोडा पलीकडं सरकला.

घरी येताना ती माझ्याबरोबर चालली. वेशीपाशी थांबून म्हणाली, "आप्पा, एक सांगू? आई इतकी वर्सं दर वेळी ऐकती. एकदाबी मला म्हनली न्हाई की प्रिया, छान वाजवलंस. ती मला ऐकतच न्हाई. ती आण्णांना ऐकती. मी वाजवते आन् ती पानी तापवती." शहादेवला ती आण्णा म्हणते. "गेवराईत मला बसायचं हाय. पर मी बसनार का आण्णाच, हे मलाच कळंना."

पोरगी शहाणी. नुसती रडत बसली नाही. आईचा शिवणाचा टेप घेतला आणि दोन्ही गिटारी मोजल्या. गिटारीचा बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असावा लागतो. नव्या गिटारीत दोन्हीकडं सारखं भरलं. भिंतीवरच्या गिटारीत घोडीकडचा भाग बोटभर जास्त. मग मला गढीचा फाटा आठवला, धोंडा आठवला, सटवाची बिडी आठवली. सगळं सांगितलं. अंगद म्हणाला, "मग सोपं हाय. घोडी मूळ जागी आणा. तिच्यावरच सराव कर, हात आपोआप सुटंल. दोन म्हैने हायत."

सोपं होतं. पण घोडी हलली की तो आवाज जगातून जाणार होता. पार्टीची एकच कॅसेट निघाली होती, ती कधीच मशीननं खाल्ली. शहादेवचं जे काही उरलं होतं ते त्या बोटभर चुकीत. छबुबाई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी पोरीला एवढंच म्हणाली, "सुताराला बोलवायचं तर बोलव. आदी एकदा वाजीव."

रविवारी दुपारी सटवा आला. आता वाकलाय, पण पिशवी खांद्याला तीच. गिटार हातात घेऊन त्यानं स्वतःची घोडी आंगठ्यानं दाबून बघितली आणि खूश झाला. "बघा, म्हनलं नव्हतं का? हालली का?"

"हालली न्हाई म्हनूनच बोलवलंय तुमाला," अंगद म्हणाला.

"च्यायला! चांगल्या कामाचीबी तक्रार?"

आम्ही हसत होतो. चुलीवर पातेलं होतं. छबुबाई भिंतीला टेकली. प्रियदर्शनी गिटार घेऊन बसली, पण वाजवीना. तिनं गिटारीची मान खिडकीच्या उजेडाकडं फिरवली आणि बघत राहिली. मग मला बोलावलं.

मानेचं लाकूड जागोजाग झिजून खोल झालं होतं. पडद्यांच्या मधे एकेक वाटी पडलेली, सगळ्या एकाच अंगाला कललेल्या. शहादेव ज्या बाजूला ओढायचा त्या बाजूला. ठिकठिकाणी पितळेलाही खाच पडलेली. माणूस गेला, पण त्याची बोटं कुठं कुठं बसत होती ते लाकडानं धरून ठेवलं होतं.

"आप्पा, ह्या बगा," ती एका वाटीवर बोट ठेवून म्हणाली. "हितं मी कधीच बोट ठिवत न्हाई. आपल्या कुठल्याच गाण्यात हितं जायला लागत न्हाई. मग ही येवढी खोल कशी?"

तशा बऱ्याच होत्या. अगदी वर, मानेच्या टोकाला. तिनं डोळे मिटले आणि बोटांनी चाचपत एकेक वाटी शोधायला लागली. आंधळा माणूस ओळखीची भिंत चाचपतो तशी. एक सूर वाजला. मग दुसरा. मधे खूप वेळ जायचा. मग तो वेळ कमी होत गेला, आणि आम्हाला कळायच्या आत ते सूर एकामागं एक लागून त्यांची चाल झाली.

जयंतीची नाही, लग्नाची नाही. सावकाश, गोल गोल फिरणारी, मधेच थांबून परत मागं येणारी. मी शहादेवबरोबर अर्धं आयुष्य वाजवलं, ती चाल मी ऐकलेली नव्हती. अंगदकडं बघितलं, त्यानंही मान हलवली. बाहेर वारा नव्हता. गल्लीत आवाज नव्हता. चुलीवरचं पाणी उकळत होतं तेवढंच.

छबुबाईनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं होतं.

"ही तुला झोपवायला वाजवायचे," ती म्हणाली. "दुपारची. मी रानात जायचे तवा. तू माझ्याबिगर झोपायची न्हाईस. कुनापुढं वाजवली न्हाई कदी. तू सहा म्हैन्याची व्हतीस गं."

चाल पुढं चालूच होती. मधेच ती एका जागी अडखळली. छबुबाई हलक्या आवाजात म्हणाली, "हां, हितंच थांबायचे. तू झोपली का बगायला." आणि चाल खरंच तिथं थांबली. थोडा वेळ गेला, जेवढा एक माणूस वाकून पाळण्यात बघायला लागतो तेवढा. मग परत सुरू झाली, आधीपेक्षा हळू.

मनाला समजावत होतो, सुंदरराव, लाकूड झिजतं, झिजल्या जागी बोट बसतं, लेकराच्या कानात काही राहिलं असेल. पण सहा महिन्यांच्या लेकराच्या कानात? आणि वाट्या जागा सांगतात फक्त. या वाटीनंतर कुठली, कुठं थांबायचं, किती थांबायचं, हे कुठलं लाकूड सांगतं?

चाल संपली. प्रियदर्शनीनं गिटार मांडीवर आडवी ठेवली. सटवानं घोडी उचकटायला पटाशी हातात घेतली होती, ती त्याच्या हातात तशीच. तो म्हणाला, "मी जातो बाबा. हे काम मला नगं." छबुबाई उठून चुलीकडं गेली, वाफेत हात घालून पाणी किती तापलं ते बघितलं आणि बादली पुढं ओढली. मला वाटलं, झालं. आता ही घोडी जन्मात हलत नाही. पोरगी भिंतीजवळच राहणार, आणि सतरंजीवरची ती जागा माझ्यामागंही मोकळीच राहणार.

मग मीच विचारलं. न विचारता मला मरणही आलं नसतं.

"पोरी, वाट्यांनी जागा सांगितल्या, ते पटलं मला. पन कुठल्यामागं कुठली, आन् कुठं थांबायचं, हे तुला कुनी सांगितलं?"

तिनं डाव्या हाताची बोटं चोळली. उठू पाहणाऱ्या सटवाला हातानंच बसवलं. आईकडं बघितलं, आणि अगदी शांतपणे बोलली. तिचे शब्द मी जसेच्या तसे सांगतो:

"सांगितलं न्हाई कुनीच, आप्पा. मी बोट टेकवायच्या आदीच तार वढलेली आसती, मी निस्तं माझं बोट तिथं न्हेऊन ठिवते. म्हनूनच म्हनते, घोडी हलवा सटवाकाका. आई, ते पानी उतरव खाली. लई वर्सं वाजवलं त्यांनी, आता मला वाजवू द्या. आण्णांनी समोर बसून ऐकावं, आन् तूबी."